ताप उतरला, पण हृदयाकडे कोण पाहणार?

पावसाळा लागला की भंडारा जिल्ह्यातील साकोली, लाखनी, लाखांदूरच्या पट्ट्यात बांध्यांमध्ये रोवणीची आणि दवाखान्यांमध्ये तापाच्या रुग्णांची गर्दी एकाच सुमारास होते. धान निसवेपर्यंत ती हटत नाही. डेंग्यूचा संशय आला की घरातल्या लहानथोरांना प्लेटलेटचा आकडा तोंडपाठ होतो. काल ऐंशी हजार होत्या, आज साठ हजारांवर आल्या, हे नागपूरच्या मामापासून गल्लीतल्या शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. त्याच रुग्णाची नाडी मिनिटाला किती पडते, असे विचारले तर उशाशी बसलेल्यांपैकी कुणालाही सांगता येत नाही. पुष्कळदा केसपेपरवरही ती लिहिलेली नसते. एखादा धडधाकट तरुण ताप उतरल्यावर चार-सहा दिवसांनी धाप लागून कोसळतो, गावात ‘हार्ट अटॅकने गेला’ एवढेच बोलले जाते आणि विषय संपतो. शवविच्छेदन होत नाही. आधी झालेल्या तापाची आठवणही कुणी काढत नाही.

हा विषय संपू देता कामा नये, म्हणून हा अग्रलेख.

विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते. वैद्यकात तिला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकी, अ‍ॅडिनो, पार्व्हो बी-१९, इन्फ्लुएन्झा, कोरोना हे त्याचे जगभर नोंदले गेलेले कारक. आपल्या भागात ज्यांचे नाव घराघरात पोहोचले आहे ते डेंग्यू आणि चिकुनगुनियाही याच यादीत आहेत. काही विषाणू थेट स्नायूच्या पेशीत शिरून तिची नासधूस करतात. पुढचे नुकसान बऱ्याच वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती करते. विषाणूला मारायला निघालेल्या पेशी हृदयाच्या स्नायूवरही तुटून पडतात. म्हणूनच त्रास तापाच्या ऐन भरात न दिसता एक ते तीन आठवड्यांनी, माणूस कामाला लागल्यावर दिसतो. बहुतेक जण पूर्ण बरे होतात. काहींच्या स्नायूत कायमचा व्रण राहतो, हृदय हळूहळू फुगत जाते आणि तिशीतला माणूस दोन पायऱ्या चढून बसकण मारतो. थोड्यांच्या बाबतीत हृदयाची लय अचानक बिघडते आणि काही मिनिटांत सगळे संपते.

पूर्व विदर्भाने हा धोका इतरांपेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावा, याला कारणे आहेत. विषाणूंच्या नकाशावर हा प्रदेश नवा नाही. १९६५ मध्ये तापाच्या साथीतील रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना जो नवा विषाणू सापडला, त्याला नागपूरच्या चांदीपुराचेच नाव मिळाले. तो मेंदूवर घाव घालतो, हृदयावर नव्हे. पण ‘ताप म्हणजे ताप’ असे न म्हणता कुणीतरी नमुने गोळा केले, म्हणून तो सापडला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. २००६ मध्ये देशात चिकुनगुनियाचे सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले आणि सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. सांधे धरले एवढीच त्या साथीची आठवण लोकांकडे आहे. त्याच काळात हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर हीच साथ आली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी गंभीर रुग्णांमध्ये हृदयाच्या स्नायूचा दाह नोंदवून ठेवला. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकुनगुनिया पुन्हा मोठ्या प्रमाणावर पसरला. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसने बळी घेतले. हा आजार विषाणूचा नाही, गवताझुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या जिवाणूचा आहे. पण हृदयाला तोही सोडत नाही, आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होतो. बांधावर, जंगलाच्या कडेला राबणाऱ्या नागझिरा पट्ट्यातल्या माणसाला ताप आला, तर स्क्रब टायफसचा विचार आधी व्हायला हवा.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख तापाच्या चर्चेत सहसा होत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सिकलसेलचा पट्टा आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे हृदय रक्ताच्या कमतरतेमुळे वर्षानुवर्षे जादा काम करत आधीच मोठे झालेले असते. पार्व्हो बी-१९ हा विषाणू अशा मुलांमध्ये रक्त तयार होण्याचेच थांबवतो, हिमोग्लोबिन काही दिवसांत धोकादायक पातळीवर घसरते, आणि हाच विषाणू हृदयाच्या स्नायूच्या दाहाचाही ज्ञात कारक आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत रक्ततपासणी आणि कार्डवाटप यांवर भर आहे. ते योग्यच. त्या कार्डधारकाला ताप आला तर त्याच्या हृदयाकडे कोण पाहणार, याचे उत्तर आपल्या जिल्ह्याने स्वतः तयार करायचे आहे.

आता सलाईनकडे येऊ. आमच्या मते या विषयाचा सगळ्यात जळता भाग हाच आहे.

तापाचा रुग्ण आला, अशक्त दिसला, की सलाईन. रुग्णाचीच तशी मागणी असते. बाटली लागली नाही तर उपचार झाल्यासारखे वाटत नाही आणि डॉक्टरही या मागणीपुढे नमतात. डेंग्यूमध्ये सलाईनची खरीच गरज असते, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तदाब कोसळतो. हा झिरपण्याचा काळ साधारण ताप उतरू लागतो तेव्हाचा, दीड-दोन दिवसांचा. त्यानंतर बाहेर गेलेला तोच द्रव आपोआप रक्तवाहिन्यांत परततो. या वळणावर बाटल्या तशाच चालू राहिल्या आणि हृदयाचा स्नायू सुजलेला असला, तर सगळा भार फुप्फुसांवर येतो. मोटर पाणी ओढत नसताना बांधीत वरून पाणी सोडतच राहिलो तर बांध फुटणारच. रुग्णाला धाप लागते, तो आडवा होऊ शकत नाही, तोंडाला फेस येतो. रक्तदाब कमी म्हणून आणखी एक बाटली लावली जाते.

रक्तदाब कमी आहे एवढ्यावरून सलाईन वाढवायचे की थांबवायचे, हे ठरत नाही. रक्तवाहिन्या रिकाम्या आहेत म्हणून दाब पडला, की हृदय दुबळे पडले म्हणून? पहिल्यात सलाईन जीव वाचवते, दुसऱ्यात जीव घेते. अनुभवी डॉक्टर मानेच्या फुगलेल्या शिरा पाहून, छातीला स्टेथोस्कोप लावून बराच अंदाज बांधतात. पण अंदाजाची खात्री खाटेशेजारी पाच मिनिटांत करून देणारे साधन आज उपलब्ध आहे: टू-डी इको. ध्वनिलहरींनी हृदय हलताना दिसते. डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला त्यातले किती रक्त बाहेर टाकतो, याचे प्रमाण निघते. निरोगी माणसात ते साधारण ५५ टक्क्यांच्या वर असते. ते तीसवर आले असेल तर उपचाराची दिशाच बदलते. भिंत कुठे हलत नाही, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठले आहे का, हेही तिथेच कळते. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. गरोदर बाई असो की दोन वर्षांचे मूल, कुणालाही करता येते.

इकोच्या आधीच्या दोन पायऱ्या तर अधिकच स्वस्त आहेत. पहिली नाडी. तापात एक अंश सेल्सियसमागे ती दहाएक ठोक्यांनी वाढते, हे स्वाभाविक आहे. ताप गेला, मोठा माणूस निवांत पडून आहे आणि तरी नाडी शंभराच्या वर टिकून राहते, किंवा अधूनमधून ठोका चुकतो, तर थांबून विचार करायला हवा. (डेंग्यूतून उठताना काही दिवस नाडी मंद चालते. त्याचे सहसा भय नसते, पण चक्कर येत असेल तर तीही दाखवावी.) दुसरी पायरी ईसीजी, आणि जोडीला रक्तातील ट्रोपोनिन. हृदयाचा स्नायू दुखावला की हे प्रथिन रक्तात वाढते. तालुक्याच्या ठिकाणी या गोष्टी अशक्य नाहीत. राज्याच्या ‘स्टेमी’ प्रकल्पात हृदयविकाराच्या झटक्यासाठी लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी दूरवरच्या तज्ज्ञाने काही मिनिटांत वाचून द्यायची पद्धत बसवली आहे. तीच तार तापाच्या रुग्णासाठी वापरायला नव्या इमारतीची गरज नाही.

मुलांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. मूल छातीत दुखते असे सांगत नाही. ते ओकते, पोट दुखते म्हणते, दूध पिताना घामाघूम होते, भराभर श्वास घेते. पोटाचा आजार किंवा न्यूमोनिया समजून त्यालाही सलाईन लागते. उलटीच्या मुलाची नाडी आणि यकृताचा आकार तपासला नसेल, तर ती तपासणी अपुरी आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

एमआरआयचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि त्यात सरसकट मागणी करण्यात अर्थ नाही. हृदयाचा एमआरआय हे या आजाराचे सर्वात स्वच्छ दर्शन घडवणारे साधन. हृदयाच्या झटक्यात इजा स्नायूच्या आतल्या थरापासून सुरू होते, तर विषाणूजन्य दाहात ती बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या थरात असते. गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून दिल्यावर हा फरक चित्रात उमटतो. स्नायूतील सूज आणि इजा दोन्ही दिसली तर निदान पक्के मानावे, असे निकष तज्ज्ञांनी २००९ मध्ये ‘लेक लुईस’ या नावाने ठरवले आणि २०१८ मध्ये सुधारले. त्याआधी खात्रीसाठी हृदयाच्या स्नायूचा तुकडा काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण यासाठी पाऊण-एक तास यंत्रात पडून वारंवार श्वास रोखावा लागतो, हृदयासाठीची खास प्रणाली लागते आणि ती चित्रे वाचणारा रेडिओलॉजिस्ट लागतो. मेंदूचा किंवा मणक्याचा एमआरआय करणारे प्रत्येक केंद्र हृदयाचा करू शकत नाही. त्यामुळे साकोलीत एमआरआय आणा, ही आमची मागणी नाही. ज्या मोजक्या रुग्णांना तो लागेल त्यांची नागपूरची वाट मोकळी करा, एवढी आहे.

कोविडने या यंत्राचा मोठेपणा आणि मर्यादा दोन्ही दाखवले. जुलै २०२० मध्ये फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी कोविडमधून उठलेल्या १०० जणांच्या हृदयाचा एमआरआय केला आणि ७८ जणांमध्ये काही ना काही बिघाड दिसल्याचे जाहीर केले. जगभर घबराट उडाली. पुढे त्या निबंधातील आकडेवारीच्या चुका लेखकांना दुरुस्त कराव्या लागल्या. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या १,५९७ खेळाडूंच्या पाहणीत हा दाह ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्क्यांत आढळला. ही दिलासा देणारी बातमी होती. तिच्यातच एक बोचणारा तपशीलही होता: केवळ लक्षणांवर विसंबून तपासले असते तर हे प्रमाण ०.३१ टक्केच भरले असते. बाकीचे खेळाडू सुजलेले हृदय घेऊन मैदानात उतरले असते.

आपल्याकडे हा तपशील कुणाला लागू पडतो? साकोलीच्या रस्त्यांवर आणि मैदानांवर पहाटे चार-साडेचारला धावणाऱ्या पोरांना. पोलीस भरतीत मुलांना १,६०० आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते आणि एकेका सेकंदावर गुण जातात. घरी दोन-अडीच एकर धानाची शेती, हाताला दुसरे काम नाही, वय निघून चाललेले. असा मुलगा ताप आला म्हणून सराव किती दिवस सोडेल? चौथ्या दिवशी तो पुन्हा रस्त्यावर असतो. हृदयाच्या स्नायूचा दाह झालेल्याने डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत जोरकस व्यायाम करू नये, हा जगभरचा सल्ला आहे, कारण सुजलेल्या स्नायूवर ताण आला की लय बिघडण्याचा धोका वाढतो. या मुलांना हे भरतीच्या अकादमीत कुणी सांगितले आहे का? तापानंतर छातीत धडधड, धाप किंवा भोवळ आली तर ईसीजी काढल्याशिवाय धावू देऊ नका, एवढी सूचना प्रत्येक भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्राने आपल्या भिंतीवर लावली तरी जीव वाचतील. ‘सराव चुकला’ या धाकात वाढलेल्या मुलाला त्या भिंतीवरच्या परवानगीची फार गरज आहे.

रोवणीच्या बायांची स्थिती याहून वेगळी नाही. त्यांच्या धावण्याला कुणी धावणे म्हणत नाही, इतकेच. दिवसभर चिखलात वाकून काम, रोजी बुडाली तर संध्याकाळचा प्रश्न. ‘ताप गेला ना, मग आता काय झाले’ या वाक्याने त्यांची धाप घरातच दाबली जाते. आराम हा या आजारातला उपचार आहे, हे घरातल्या कर्त्या पुरुषांना आशाताईंनी आणि डॉक्टरांनी तोंडावर सांगितले पाहिजे.

लसीबद्दलही बोलायला हवे. तरुण माणूस अचानक गेला की गावात पहिले बोट कोविडच्या लसीकडे जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांमार्फत १८ ते ४५ वयोगटातील अशा ७२९ मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यू झालेल्यांत, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यालेल्यांत किंवा अतिश्रम केलेल्यांत. काही लसींनंतर तरुण मुलांमध्ये हृदयाचा दाह क्वचित दिसला, हे खरे आहे. पण तो प्रामुख्याने एमआरएनए प्रकारच्या लसींनंतर, आणि साकोलीच्या लसीकरण केंद्रांवर दिल्या गेलेल्या कोविशील्ड व कोव्हॅक्सिन त्या प्रकारातल्या नव्हत्या. लसीवर राग काढण्यात जो वेळ जातो, त्यात आजच्या तापाच्या रुग्णाकडे दुर्लक्ष होते. इन्फ्लुएन्झाची, म्हणजे फ्लूची, खात्री झाल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सहापट होतो, हे कॅनडातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले आहे. साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह्यांनी आणि हृदयरुग्णांनी फ्लूची लस घेण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून जरूर करावा.

इकोयंत्र तालुक्यात आणायचे म्हटले की एक अडचण हमखास पुढे येते: गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा. १९९४ चा हा कायदा आम्हाला हवाच आहे. मुलींचे जीव त्याने वाचवले आहेत आणि त्यात ढिलाई आणा असे आम्ही म्हणणार नाही. पोटातले मूल दाखवू शकणारे कोणतेही सोनोग्राफी यंत्र नोंदणीशिवाय ठेवता येत नाही, हातात मावणारे यंत्रही नाही, आणि ते नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर २०१२ पासून कडक बंधने आहेत. तपासणी कोणी करायची याचेही नियम आहेत. परंतु कायद्यात नोंदणीची वाट आहे. शासकीय रुग्णालयाने रीतसर नोंदणी करून, यंत्र नोंदणीच्या आवाराबाहेर न नेता, वापराची नोंदवही ठेवून हृदयाच्या तपासणीसाठी ते वापरायला कायदा आडवा येत नाही. आड येते ती कागदपत्रांची धास्ती. नको ती झंझट, त्यापेक्षा रुग्ण पुढे पाठवू, हा मार्ग सोपा वाटतो. जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन ही धास्ती काढावी.

‘पुढे पाठवणे’ म्हणजे काय, ते साकोलीकरांना सांगायला नको. भंडारा सुमारे चाळीस किलोमीटर, नागपूर शंभरेक. राष्ट्रीय महामार्ग चांगला आहे, पण नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानजवळच्या एम्समध्ये पोहोचेपर्यंत दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला वाटेत किती सलाईन जाते, त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. अतितीव्र दाहाचा रुग्ण पहिल्या काही दिवसांत तगला तर पुष्कळदा त्याचे हृदय चांगले सावरते. म्हणून साकोलीतून निघण्यापूर्वीचा ईसीजी, शक्य असेल तर इको, नाडी आणि रक्तदाबाच्या वेळेनिशी नोंदी आणि आतापर्यंत दिलेल्या द्रवाचे माप, हे सगळे १०८ च्या रुग्णवाहिकेत रुग्णासोबत गेले पाहिजे. कोऱ्या चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी’ एवढे लिहून रुग्ण पाठवण्याची पद्धत बंद व्हावी.

भंडाऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा महाविद्यालयांत ते आहे. गोंदियाचे २०१६ पासून चालू आहे. या दोन महाविद्यालयांच्या औषधवैद्यक आणि बालरोग विभागांनी साकोली व तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना खाटेशेजारच्या इकोचे मर्यादित पण नेमके प्रशिक्षण द्यावे: हृदय नीट आकुंचन पावते की नाही, भोवती पाणी आहे की नाही, एवढ्या दोन प्रश्नांपुरते. चित्रे नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवून खातरजमा करता येईल. डेंग्यू-चिकुनगुनियाच्या मृत्यूंचे अन्वेषण होते, त्यात नाडीचा तक्ता, ईसीजी आणि दिलेले सलाईन यांची नोंद सक्तीची करावी. आज हे आकडे कुठेच एकत्र होत नाहीत, आणि ज्याचा आकडा नाही त्याला निधीही मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे कवच प्रामुख्याने दाखल रुग्णासाठी आहे. ताप उतरून घरी गेलेल्या आणि पंधरा दिवसांनी धाप लागलेल्या मजुराच्या इको-एमआरआयचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. अशा पाठपुराव्याच्या तपासण्या योजनेत आणण्यासाठी जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी, पक्ष कोणताही असो, विधानसभेत आवाज उठवावा.

आणि यंत्र आले की जबाबदारी संपली, असे भंडारा जिल्ह्याने तरी कधी मानू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षातील आगीत दहा बाळे गेली. तिथेही यंत्रे होती. देखभालीचा करार, रात्रपाळीला ते हाताळू शकणारा माणूस आणि चालू वीजपुरवठा यांची तरतूद खरेदीच्या त्याच प्रस्तावात असली पाहिजे.

साकोलीच्या रुग्ण कल्याण समितीने येत्या बैठकीत चार प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे फलकावर लावावीत. रात्री दोन वाजता ईसीजी निघतो का? तो कोण वाचतो? ट्रोपोनिनची तपासणी रुग्णालयात होते की बाहेरून करून आणावी लागते? इकोसाठी रुग्णाला आज किती किलोमीटर जावे लागते? जिल्हा नियोजन समितीकडे आरोग्याचे प्रस्ताव जातील तेव्हा त्यात इकोच्या एका प्रोबची (छातीवर टेकवायच्या भागाची), नोंदणी शुल्काची आणि दोन डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची रक्कम वेगळ्या ओळीत लिहिलेली असावी. पऱ्हे टाकून झाले आहेत, रोवणीला आता फार दिवस उरलेले नाहीत.